हजारातल्या तिच्या किती

संपादकांनी विषय दिला, ‘पडद्यावरची कष्टकरी मुलगी’. वर अट घातली की सिनेमांची यादी नको. जिच्यावर पंधरा-वीस मिनिटांचा कथापट निघावा अशा मुलीच्या गावी जाऊन या, मग लिहा.

गाव निवडायला वेळ लागला नाही. सोलापूर जिल्ह्याने गेल्या पंधरा-सतरा वर्षांत मराठी पडद्याला किती पोरं दिली ते आठवून पाहा. जेऊरच्या नागराज मंजुळेंचा ‘पिस्तुल्या’ लघुपटच होता, शाळेसाठी आसुसलेल्या पोराचा. पुढे ‘फँड्री’तला जब्या आला, ‘सैराट’मधली आर्ची आली आणि आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची निघाली. बार्शीच्या विनोद कांबळेंच्या ‘कस्तुरी’ला राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट बालचित्रपटाचा मान मिळाला. त्यातला पोरगा घरच्यांसोबत सफाईचं काम करतो आणि अंगाला चिकटलेला वास घालवायला कस्तुरी शोधत फिरतो.

या गोतावळ्यात मांडीवर विडीचं सूप घेऊन बसलेली मुलगी नाही. ती कुंभारीत घरोघरी आहे. पण पाहुणं माणूस दारात उभं राहिलं की ती सूप बाजूला ठेवते आणि पुस्तक उघडते.

अक्कलकोट रस्त्याला

सोलापुरातून अक्कलकोटकडे निघालं की शहर संपतं न संपतं तोच कुंभारी येतं. तालुका दक्षिण सोलापूर, मूळ गाव मराठी-कानडी. अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयामुळे बाहेरच्यांनाही हे नाव आता ठाऊक आहे. शिवार कोरडवाहू, वारं मोकळं. त्या माळावर एका ठेक्यात घरांच्या रांगा सुरू होतात आणि संपायचं नाव घेत नाहीत.

ही गोदूताई परुळेकर वसाहत. दहा हजार घरं, सगळी विडी कामगार बायांची. सोलापूरच्या पूर्व भागात, साखर पेठ, अशोक चौक, नीलम नगर या पट्ट्यात तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकरांची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पुरुष मागावर, बायका विडीवर, ही तिथली जुनी वाटणी. मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, यंत्रमागाचं काम कधी असे कधी नसे. विडीचा पैसा थोडा, पण आठवड्याला येणारा. घर चालायचं ते त्याच्यावर, आणि ते घर म्हणजे भाड्याची एक खोली. तिच्यात सासू, सून, पोरं, पाण्याचा पिंप आणि भिजवलेल्या पानांचं गाठोडं.

माकपचे नरसय्या आडम, सोलापूरकरांचे आडम मास्तर, यांनी या बायांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि तिसरा वाटा बाईचा स्वतःचा, असा हिशेब बसवला. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. संस्थेला नाव दिलं गोदावरी परुळेकरांचं, ज्यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं. पुढे याच कुंभारीत रे नगर झालं. तीस हजार घरांची ही योजना विडी, यंत्रमाग, शिवणकाम, कचरावेचक अशा असंघटित कामगारांसाठी. तिच्यातल्या पंधरा हजार घरांचं हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केलं. असं घर आपल्याला लहानपणी मिळालं असतं तर, असं म्हणताना त्यांचा गळा दाटून आला, ते टीव्हीवर देशभर दिसलं. लाल बावट्याच्या संस्थेची घरं आणि दोन वेगवेगळ्या पक्षांचे दोन पंतप्रधान. यावर वेगळा लेख होईल, इथे नको.

मला लागणारी गोष्ट एवढीच, की गोदूताई वसाहतीतलं घर बाईच्या नावावर आहे. सात-बारा, रेशनकार्ड, दारावरची पाटी सगळीकडे बाप्याचं नाव वाचायची सवय असलेल्या आपल्याला ही केवढी मोठी उडी आहे ते कळायला त्या गल्ल्यांतून थोडं चालावं लागतं. मूळच्या एका खोलीपुढे कुणी पत्र्याची शेड काढली आहे, कुणी वर मजला चढवला आहे. ‘आमचं घर’ म्हणताना बायांचा हात सहज छातीवर जातो.

कात्री, पान, दोरा

ज्या घरात मी जास्त बसले तिथे तीन पिढ्या होत्या. आजी, तिची सून आणि सुनेची आठवीतली मुलगी. नाव लिहीत नाही, घराची खूणही सांगत नाही. का ते पुढे येईल. घरात बोली तेलुगू. माझ्याशी आई मराठीत बोलायची, आजी दोन्हींची मोट बांधून. मुलगी तिन्ही भाषांत तरबेज, तिसरी मोबाइलवरची हिंदी.

विडी वळायला बसणं म्हणजे काय ते सांगते. तेंदूची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. कोरडं पान मोडतं, फार ओलं पान कुजतं. सकाळी एकेक पान मांडीवर घेऊन त्यावर पत्र्याचा लहान आयताकृती तुकडा ठेवायचा आणि कडेकडेने कात्री फिरवायची. जाड शीर मध्ये आली तर तुकडा वाया. एका पानातून दोन तुकडे निघाले तर बरं, नाहीतर एकावर भागवायचं. मग सूप. सुपाच्या एका अंगाला कापलेली पानं, दुसऱ्या अंगाला तंबाखूची भुकटी. चिमटीत मावेल तेवढी तंबाखू पानावर लांबट पसरायची, दोन्ही हातांच्या बोटांनी तिरकं वळत न्यायचं, रुंद टोक नखाने आत दुमडून मिटवायचं, निमुळत्या टोकाला दोऱ्याचे वेढे आणि एक हिसका. हे लिहायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात आईच्या हातून चार-पाच विड्या सुपात पडतात. तिची नजर हातांवर नसतेच. ती माझ्याशी बोलते, गॅसवरच्या दुधाकडे बघते, दारातल्या भाजीवाल्याशी हुज्जत घालते, आणि हात आपले चालू.

मोजदाद हजाराची. मजुरी हजार विड्यांवर ठरते. पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचे, असे चाळीस कट्टे म्हणजे हजार. सरावलेल्या बाईला सगळा दिवस लागतो, आणि तिच्या दिवसात स्वयंपाक, धुणं, पाणी, पोरांचा डबाही असतोच. कट्टे घेऊन कारखान्यात जायचं. तिथला तपासणारा एकेक कट्टा उचलून बघतो. सैल, बुटकी, फाटक्या पानाची विडी म्हणजे छाट. छाट बाजूला पडते, मेहनतही तिच्याबरोबर. पानांचं आणखी एक दुखणं. मोजून दिलेल्या पानांत खराब निघाली की हजार पुरे होत नाहीत. मग बाई पदरचे पैसे घालून बाजारातून पानं आणते. मालकाचा माल पुरा करायला मजुराने खर्च करायचा, हा न्याय मला इथे कुणी तक्रारीच्या सुरात सांगितला नाही. भाजीला मीठ लागतं तसं सांगितलं.

आता मुलगी. आईने बसल्या बसल्या सांगून टाकलं होतं की ही विडीला हात लावत नाही, नुसता अभ्यास. सांगत असतानाच मुलीने आजीच्या मांडीजवळचा ढीग स्वतःकडे ओढला होता आणि विड्यांची तोंडं मिटत होती. आजीला आता बारीक दिसत नाही, म्हणून आजीने फक्त कट्टे बांधायचे. शाळेआधी पानं कापायची, रात्री तोंडं मिटायची आणि रविवारी आईच्या बरोबरीने वळायचं, अशी तिची कामं. आईची विडी भराभर होते. मुलीची सावकाश, पण घट्ट आणि देखणी. हे तिला ठाऊक आहे, आणि आपली एखादी विडी छाटीत निघाली असं तपासणाऱ्याने म्हटलं तर ती आपली नसणारच, असं तिचं ठाम मत आहे.

सगळ्यांत मोठा राग तिला वासाचा. गणवेश वेगळ्या दोरीवर वाळत घालायचा, शाळेत बसल्यावर हात बाकाखाली ठेवायचे. बार्शीच्या त्या पोराची कस्तुरी इथे चालली असती.

कार्ड आईचं

विडी कामगाराला ओळखपत्र असतं. त्याच्यावर बरंच काही उभं आहे. १९६६ च्या कायद्याने विडी कामगार हा कामगार मानला गेला, १९७६ मध्ये कल्याण निधी आला, त्यातून दवाखाने, घरांसाठी मदत, मुलांना शिष्यवृत्त्या. भविष्यनिर्वाह निधी त्याच कार्डाच्या धाग्याने येतो. बायांनी यासाठी मोर्चे काढले आहेत, लाठ्या खाल्ल्या आहेत. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा देवाच्या फळीवर.

त्या कार्डावर नाव आईचं. हजार विड्यांची नोंद आईच्या नावे. घर आईच्या नावावर. शिष्यवृत्ती मुलीला मिळते ती विडी कामगाराची मुलगी म्हणून. शासनाच्या दफ्तरात ती विडीवर अवलंबून असणारी आहे, विडी वळणारी नाही. त्या हजारात तिच्या किती, हे कुठल्याच वहीत नाही. असूही शकत नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या परिशिष्टात विडीउद्योग पहिल्यापासून धोक्याच्या कामांत आहे. १९६६ च्या कायद्याने कारखान्यात चौदाच्या आतल्या मुलांना मनाई केली, बायांना आणि अल्पवयीनांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढीच वेळ घालून दिली. पण काम कारखान्यातून घरात आलं आणि घराला भोंगा नसतो.

आईला खलनायिका करायची असेल तर सिनेमा सोपा आहे. आईचा हिशेब मात्र मला कुठे चुकलेला दिसेना. मुलीने दोन तास हात लावला नाही तर हजाराऐवजी सातशे होतात. सातशे झाले तर शिकवणीची फी निघत नाही. म्हणजे मुलीने विडीतून सुटावं म्हणून जे पैसे लागतात, ते मुलीनेच विडी वळून आणायचे. आई लग्न होऊन आली तेव्हा विडी येते की नाही हे पाहून मुलगी पसंत करायचे, आणि विडी येणारी सून म्हणजे घरात चालतं कार्ड. आता मुलीसाठी स्थळ बघायची वेळ येईल तेव्हा विडी येते हे सांगावं की लपवावं, असा तिला प्रश्न आहे. गणवेशाच्या कपड्यांचा सोलापुरात मोठा धंदा आहे, शिवणकामाच्या मशिनीवर बसणाऱ्या मुलींना मान जास्त. तंबाखू नाही, वास नाही.

म्हणून नाव लिहीत नाही. मुलीचं काम छापलं की आईवर बालंट येतं, काम तसंच राहतं.

आर्ची बाटल्या भरते तेव्हा

‘सैराट’चा उत्तरार्ध आठवा. बुलेट चालवणारी पाटलाची पोर पळून हैदराबादला जाते आणि बाटल्या भरायच्या कारखान्यात कामाला लागते. तेलुगूचे चार शब्द शिकते. मराठी प्रेक्षकाने डोक्यावर घेतलेली ही बहुधा एकच किशोरवयीन कामगार मुलगी, आणि ती आपल्याला ‘पडलेली’ वाटते, कारण ती मुळात ट्रॅक्टरवरून उतरलेली. तेलुगू प्रदेशातून उलट्या वाटेने सोलापुरात आलेल्या विणकरांच्या नातींना ना बुलेट होती, ना पडायला उंची. त्यांच्या कथेची सुरुवातच बाटल्या भरण्यापासून आहे.

कष्टकरी पोरीचे लघुपट मी बरेच पाहिले. त्यातल्या बहुतेकांत काम म्हणजे पार्श्वभूमी. पहिल्या मिनिटाला हात दिसतात, दुसऱ्या मिनिटाला शाळेची खिडकी, शेवटी लग्न, अत्याचार किंवा पळ. ‘अनुजा’ बरा. २०२५ च्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला अ‍ॅडम ग्रेव्हज यांचा हा लघुपट दिल्लीतल्या कपड्यांच्या कारखान्यात बहिणीबरोबर राबणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीचा आहे. परीक्षेला बसायचं की कामावर यायचं हा पेच तो तिच्यावरच सोपवतो. भूमिका सजदा पठाणची, जी सलाम बालक ट्रस्टच्या आसऱ्याने वाढते आहे. पण त्यातही हुशार मुलगी आणि दुष्ट मालक आहेच. कुंभारीत मालक दिसत नाही. दिसतं ते सूप.

बेल्जियममध्ये दार्देन बंधूंनी १९९९ मध्ये ‘रोझेत्ता’ केला, पूर्ण लांबीचा, काननं गौरवलेला. कॅरॅव्हॅनमध्ये दारुड्या आईबरोबर राहणारी पोर फक्त नोकरी मागत फिरते आणि कॅमेरा तिच्या खांद्याला चिकटून पळतो. तिथल्या सरकारची तरुणांच्या रोजगाराची योजना पुढे याच नावाने ओळखली गेली. मला त्यातलं उचलावंसं वाटतं ते एवढंच, की त्या मुलीची कणव कुठे मागितलेली नाही.

निपाणीला जे झालं

आपल्याकडे हे झालेलंच नाही असं नाही. १९८०च्या सुमारास दीपा धनराज, नवरोझ कॉन्ट्रॅक्टर आणि त्यांच्या मैत्रिणींनी ‘युगांतर’ हा गट केला. त्यांनी पुण्याच्या घरकामगार बायांवर ‘मोलकरीण’ केला आणि १९८२ मध्ये निपाणीच्या तंबाखू कारखान्यातल्या बायांवर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’. मराठीतला हा जेमतेम पंचवीस मिनिटांचा पट. बेळगाव जिल्ह्यातल्या त्या वखारींत तंबाखूच्या धुळीत उभ्या असलेल्या बायांनी संप केला होता. युगांतरच्या बाया तिथे जाऊन राहिल्या, आणि घडून गेलेल्या सभा, बोलणी कामगार बायांनी कॅमेऱ्यापुढे स्वतः पुन्हा करून दाखवल्या. नाट्य आणि नोंद यांच्यातला बांध त्यांनी मोडला.

त्याच दशकात पुण्यात समाजशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा भावे ‘स्त्रीवाणी’साठी वस्तीतल्या बायांवर संशोधन करत होत्या. ज्यांच्यावर अहवाल लिहायचा त्यांना तो वाचता यायचा नाही. म्हणून १९८५ मध्ये ‘बाई’ हा कथापट झाला. त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे सुनील सुकथनकरांसोबतची मोठी कारकीर्द झाली. पण त्या कारकिर्दीचा पाया पडला तो अहवाल पोचेना म्हणून, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

निपाणीच्या बाया कॅमेऱ्यापुढे उभ्या राहू शकल्या कारण त्यांचं काम कुणापासून लपलेलं नव्हतं; त्यांना ते ओरडून सांगायचं होतं. कुंभारीच्या मुलीचं तसं नाही. माहितीपटवाला गेला तर त्याला पुस्तक उघडून बसलेली मुलगी मिळेल, आणि तो खोटं चित्रण करतो आहे असंही म्हणता येणार नाही, कारण ती खरोखरच वाचते. तिचं दुसरं अर्धं आयुष्य पकडायला कथापटच हवा. नाव दुसरं, घर दुसरं, आई दुसरी; आणि हात मात्र खरे.

पंधरा मिनिटांत काय मावतं

मी दिग्दर्शक नाही, तरी फुकटचा सल्ला देते. एक रविवार घ्यावा. सकाळी हजाराचं माप समोर आहे, दुपारी दारात कुणी तरी येणार आहे : शाळेच्या बाई, स्थळाकडची मंडळी, कुणीही. तोवर चाळीस कट्टे व्हायचे आहेत. मोजदाद सबंध पटात चालू राहू दे. आजीने तेलुगूत मोजावं. कट्टा बांधल्यावर दोरा दाताने तुटतो तो आवाज, कात्रीचा आवाज, शेजारच्या घरातली मालिका. पार्श्वसंगीताला काही कामच उरणार नाही. पेच एकच : मुलीने आज तीनशे वळल्या, आणि तिला ते कुणाला तरी सांगायचं आहे. नुसतं सांगायचं. ‘मी केल्या’ म्हणून.

अडचणी विचित्र आहेत. २०१२ पासून पडद्यावर तंबाखूचं उत्पादन दिसलं की खाली आरोग्याचा इशारा चालवावा लागतो. या पटात विडी दिसणार नाही अशी चौकट सापडणं कठीण, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत खाली इशारा. तो ओढणाऱ्याला उद्देशून असेल. वर वळणारी बसलेली असेल.

दुसरी अडचण पात्राची. विडी वळायला शहरातली बालनटी महिनाभरात शिकेल, पण बोलता बोलता, न बघता, दुधाकडे लक्ष ठेवून वळायला नाही. म्हणजे मुलगी वसाहतीतलीच हवी. सुपात तंबाखूऐवजी वाळवलेला चहाचा चोथा टाकता येईल, रंग जवळपास तोच. आणि इथे कायदा एकदम जागा होतो. बालकामगार नियमांत २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, चौदाच्या आतल्या मुलीला अभिनय करायला लावायचं तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, तीन तासांनंतर विश्रांती, शाळा बुडता कामा नये, तिच्या मर्जीविरुद्ध काही नाही. आणि मिळकतीतला किमान वीस टक्के वाटा राष्ट्रीयीकृत बँकेत, तिच्या स्वतःच्या नावे, मुदत ठेवीत.

हे सगळं मी त्या घरात वाचून दाखवलं. म्हणजे विडी वळल्याचं नाटक केलं तर पैसे हिच्या नावावर, असं आईने दोनदा विचारून पक्कं केलं. आजी हसली नाही. तिने पाच तासांत किती वळून होतील याचा हिशेब मांडला. मुलीला मात्र वेगळंच हवं होतं. ठेवीची पावती कुंभारीतच मिळते की सोलापूरला जावं लागतं, हे तिने विचारलं, आणि सोलापूरला जावं लागत असेल तर रविवार सोडून एखादा दिवस ठरवा, कारण रविवारी हजार व्हायचे असतात, हेही सांगून ठेवलं.